शिकल्याने हात बिघडत नाही

कोल्हापूर

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "सवडीने लिहितो" म्हणालो, कारण हे बोलता बोलता उरकण्यासारखं नव्हतं. चाळिशी ओलांडली, प्रदर्शनात चित्रं लागली, लोक पैसे मोजून ती घरी नेतात. असं असताना पुन्हा वर्गात बसून घन आणि दंडगोल काढायचे का? हो, काढायचे. जागा भरायच्या आत नाव घाल.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात की तुझी शैली तयार झाली आहे, क्लास लावलास तर ती बिघडेल. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. शिकल्यामुळे हात बिघडलेलं एकही मूल मला आठवत नाही. साधलेल्या एकाच युक्तीवर अडकून पडलेली मात्र पुष्कळ आठवतात. राग मानू नकोस, पण तुझ्या चित्रांतलं धुकं मला हल्ली खटकतं. आकाश तू फार सुरेख ओलं ठेवतेस, लांबचे डोंगर हलके होत जातात तेही छान. पण कौलं आणि भिंत जिथे मिळतात, पायऱ्या वळतात, तिथे नेमकं धुकं येतं. तिथे ड्रॉइंग लागतं आणि ते कच्चं आहे हे तुझ्या हाताला ठाऊक आहे. वर्गात पहिले काही महिने हेच करून घेतील आणि तुला त्याचीच गरज आहे.

आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांचं उदाहरण घे. कोटितीर्थ तळ्याचा काठ त्यांच्याइतका कुणी पाहिला नसेल. उपजत देणगी म्हणावी असा हात, तरी ते मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकले. १८५७ साली सुरू झालेली ती शाळा. तिथून परत आल्यावर शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी इथलं पाणी, इथली झाडं रंगवली. शिक्षण मुंबईचं होतं म्हणून चित्रातलं कोल्हापूर काही उणं झालं नाही.

वयाचं म्हणशील तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर. जन्म १८८२चा आणि हातात निरांजन घेतलेल्या बाईचं ते चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, म्हणजे साठी उलटल्यावरचं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीपुढे आडवा धरलेला तळहात, बोटांच्या कडांतून येणारा लालसर उजेड आणि चेहऱ्यावर पसरलेली आभा, हे सगळं जलरंगात. किती लोक ते तैलचित्र समजतात आणि रविवर्म्यांच्या नावावर खपवतात! एकदा लागलेला रंग पुसता येत नाही अशा माध्यमात, चूक न करता चित्र पुरं करता येतं हे दाखवायला त्यांनी ते केलं असं सांगतात. साठीनंतर तो हात इतका स्थिर होता, कारण पाया तरुणपणीच पक्का झाला होता. तुझा पाया राहून गेला, तर तो आता घाल.

"यूट्यूबवर सगळं असतं की," असं जावईबापू म्हणाले ते खरं आहे. रंग कोणता घ्यायचा, ब्रश कोणता, हे तिथे कळतं. कागद किती ओला आहे ते कळत नाही, आणि जलरंगात सगळं तिथेच आहे. साधा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, घे. बोर्ड थोडा उतरता ठेवायचा. भरलेला ब्रश आडवा नेला की खालच्या कडेला रंगीत पाण्याची फुगीर रेघ साठते. पुढचा पट्टा त्या रेघेला जेमतेम टेकवून ओढायचा, ती रेघ खाली खाली आणायची आणि तळाशी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायची. पाणी कमी पडलं तर पट्टे दिसतात, जास्त झालं तर ओघळ येतात. मग वाळण्याची वेळ. कागद चमकतो तोवर त्यात दुसरा रंग सोडला तर तो मोकळा पसरतो. चमक गेली पण आत ओल आहे, अशा वेळी पाणीदार ब्रश टेकलास की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते आणि आकाश वाया जातं. ही चमक कॅमेऱ्यात धड दिसत नाही. शिवाय व्हिडिओ करणाऱ्याची हवा वेगळी. परदेशात हीटर लावून बसलेल्या माणसाचा कागद चटकन वाळतो, आणि आषाढात पुण्यात तुझा पाऊण तास ओलाच राहतो. शेजारी उभे असलेले सर तुझ्याच हवेत, तुझ्याच कागदाकडे तिरकं बघून "थांब, अजून नको" म्हणतात. फी त्या "थांब"ची आहे.

पदवीच्या मागे मात्र लागू नकोस. बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एफ.ए. ज्यांना त्यावर नोकरी करायची त्यांच्यासाठी ठीक. तुला नोकरी आहे. तू निवडलेला संध्याकाळचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरेसा वाटतो. पण पैसे भरण्याआधी तिथे जाऊन एक तास नुसती बसून ये. सर स्वतः मुलांसमोर रंगवतात का ते बघ. बाहेर निसर्गचित्रणाला नेतात का ते विचार. नुसते फोटो समोर ठेवून रंगवून घेत असतील तर दुसरीकडे चौकशी कर.

सामानाचं एवढंच. सरावाला कॅमलचे रंग चालतील, पण कागदात काटकसर करू नकोस. ३०० जीएसएमचा सुती कागद घे. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे चार तुकडे कर. पावसाळ्यात जास्त आणून ठेवू नकोस. कागदावर सरस लावलेला असतो, दमट हवेत तो मरतो आणि रंग ठिकठिकाणी शोषला जाऊन ठिपके पडतात. मग आपलाच हात वाईट म्हणून उगाच खंतावायला होतं. आणि एक, ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला ॲलिझरिन क्रिमझन हा लाल रंग विकायच्या चित्रात वापरू नकोस. तो उजेडात उडतो. पैसे देऊन नेलेल्या माणसाच्या भिंतीवर गुलाबी संध्याकाळ फिकी पडत जावी, हे आपल्याला शोभणारं नाही.

अठरा-वीस वर्षांची पोरं शेजारी बसतील. त्यांचा हात तुझ्यापेक्षा झरझर चालेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कुठल्या चित्राला आपण काय म्हणून हात घातला हे तुला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं.

पहिल्या सत्राची फी मी भरणार आहे. आईशी बोलणं झालं आहे, त्यावर वाद नको. दिवाळीला येशील तेव्हा तयार चित्रं आणू नकोस, वॉशचे सगळे कागद आण, ओघळ आलेले आणि पट्टे पडलेलेसुद्धा. मला ते क्रमाने बघायचे आहेत.

जावईबापूंना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझे बाबा