छातीतले पाणी तपासल्याशिवाय टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशात कुणाच्या ‘छातीमा पानी’ झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, पाणी काढले का? त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र राहून जातो: काढलेले पाणी तपासायला दिले का?

फुफ्फुसावरच्या दोन पातळ पडद्यांमध्ये निरोगी माणसाच्याही १०-२० मिली पाणी असते. हृदय किंवा किडनी थकली की ते वाढते, बहुधा दोन्ही बाजूंना. तिथे मूळ आजाराच्या उपचाराने आणि लघवीच्या गोळ्यांनी बरेचदा भागते. क्षय, न्यूमोनिया किंवा कर्करोगाने पडदाच बिघडला, तर पाणी बहुतेकदा एकाच बाजूला साचते. अशा वेळी सुईने नमुना घ्यायलाच हवा.

सोनोग्राफीत जागा पाहून सुई बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालतात, कारण खालच्या काठाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. ‘सगळे एकदाच काढून टाका’ असा आग्रह धरू नये. एका वेळी दीड लिटर ही मर्यादा. दबलेले फुफ्फुस झटक्यात फुगले तर त्याच्या आतच पाणी उतरते. खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळली की तिथेच थांबायचे.

तपासणीला ५० मिली पुरते. त्याच दिवशी रक्तही द्यावे; पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असतील तर दोष पडद्यात आहे असे धरतात. सोबत एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारे एन्झाइम), ग्लुकोज, पेशींची मोजणी, एडीए (क्षयात वाढणारे एन्झाइम) आणि कर्करोगाच्या पेशींची तपासणी हवी. इथे दोन चुका नेहमी होतात. सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे ठरवतात. या पाण्यात जंतू फार कमी असतात, त्यामुळे ती चाचणी अनेकदा चुकते. आणि एडीए ४० च्या वर गेला की लगेच क्षय म्हणतात. तो पू झाल्यावरही वाढतो. पू असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, छातीत नळी टाकावीच लागते. नळीतले पाणी जमा होणारी बाटली कायम छातीच्या खाली ठेवावी, खाटेवर उचलून ठेवली की पाणी उलटे आत जाते.

क्षयाचे निदान झाले तर औषध ६ महिन्यांचे: पहिले २ महिने चार औषधे, पुढे ४ महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. खरी अडचण पुढची. काही आठवड्यांत ताप जातो, दम ओसरतो आणि माणूस बरा झालो असे समजतो. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या गोळ्या नेमक्या इथेच तुटतात. उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा गुजरातेतही पुढे चालू ठेवता येतात. टोळी निघण्याआधी आरोग्य केंद्रात कळवावे, नवा पत्ता द्यावा आणि निक्षय क्रमांक (सरकारी क्षय-नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) लिहिलेला कागद सोबत न्यावा. मुकादमांनीही हे विचारून घेतले तर फार मदत होईल.

आपला,
एक छातीरोगतज्ज्ञ, धुळे