तक्रार क्र. ५७ चा ‘ओनर’ मी नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : तक्रार क्र. ५७ (भिंतीवरील ओल) आणि सोसायटीच्या तक्रारी नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमधील ‘ओनर’ व ‘रिव्ह्यू’ या दोन रकान्यांबाबत.

संदर्भ : माझी यापूर्वीची तीन पत्रे, दोन ईमेल आणि आपले जिन्यात झालेले बोलणे.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पत्रे लिहीत बसणारा माणूस नाही, हे आपण जाणताच. आधीची तीन नाइलाजाने लिहिली होती, हे चौथेही त्याच सदरात धरावे.

आज सकाळी ठीक ९ वाजता माझ्या मोबाईलवर सूचना आली : ‘आपल्याकडील काम क्र. ५७ ची मुदत उलटून ११८ दिवस झाले. त्वरित कार्यवाही करावी.’ काम क्र. ५७ म्हणजे माझ्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवरची ओल. तक्रार माझी, भिंत माझी, पोपडे पडतात ते माझ्या पलंगावर, आणि काही केले नाही म्हणून रोज सकाळी तंबीही मलाच. ती भिंत मी पेन्सिलने आखत आलो आहे. डागाच्या कडेने एक रेघ, शेजारी तारीख, दर पंधरवड्याला. सात रेघा झाल्या. सातवी विजेच्या बटणांच्या बोर्डाला टेकली आहे.

हा चमत्कार कसा घडला ते विचारायला मी सचिवांकडे गेलो. त्यांनी संगणक उघडून दाखवला. क्र. ५७ समोर ‘ओनर’ असा रकाना, त्यात लहानसा निळा गोल, गोलात माझी आद्याक्षरे. हे कोणी टाकले, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘मीच. ३०२ चे ओनर तुम्हीच ना? की फ्लॅट वहिनींच्या नावावर आहे?’

मी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.

अध्यक्ष महोदय, त्यांनी गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक तक्रारीत ज्याची सदनिका त्याचेच नाव ‘ओनर’ म्हणून भरले आहे. ३०४ मध्ये भाडेकरू राहतात. त्यांच्या नळाची तक्रार परदेशात राहणाऱ्या घरमालकांच्या नावावर आहे, आणि आपली सकाळची ९ ची सूचना त्यांना तिकडे मध्यरात्री उठवते. लिफ्ट कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून तिथे समितीच्या अकराही सदस्यांची नावे. अकरा निळे गोल एका ओळीत मावत नाहीत, म्हणून पडद्यावर तीन गोल आणि पुढे ‘अधिक ८’ असे दिसते. लिफ्टचा दरवाजा मात्र अजून हाताने ढकलावा लागतो. यालाच आपल्याकडे बारभाईचा कारभार म्हणतात.

सचिवांना मी दोष देत नाही. ते सेवाभावी आहेत. त्यांना हे कोणी शिकवले, हा प्रश्न आहे. वार्षिक सभेत प्रोजेक्टर लावून, ‘आमच्या कंपनीत असेच चालते’ असे सांगत हे सॉफ्टवेअर कोणी आणले, ते आपल्याला आठवत असेल. ते सद्गृहस्थ माझ्या डोक्यावर, म्हणजे ४०२ मध्ये, राहतात. विषय सॉफ्टवेअरचा असल्याने त्यांच्या घरी रात्री साडेअकराला ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी आणि गतवर्षी माझ्या जागेत दोन दिवस उभी राहिलेली त्यांच्या पाहुण्यांची गाडी यांचा उल्लेख मी इथे करणार नाही.

मी स्वतः बसून या प्रकाराचा अभ्यास केला. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि ज्याच्या भिंतीला ओल असते त्याला झोप नसते. अशा सॉफ्टवेअरमध्ये ओनर म्हणजे काम तडीस नेण्याची जबाबदारी असलेला माणूस. त्याचा मालकीहक्काशी, खरेदीखताशी, भाग-दाखल्याशी काहीएक संबंध नाही. स्वतःच्या हाताने काम त्याने करायचे असेही नाही. प्लंबर बाहेरचाच येईल. पण प्लंबर आला का, पाहून गेला का, नसेल तर का नाही, हे विचारले की उत्तर द्यायला एक तोंड असते. ते तोंड म्हणजे ओनर.

जगभर वापरले जाणारे ‘जिरा’ नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, २००२ पासूनचे. गॉडझिला या राक्षसाचे जपानी नाव गोजिरा, त्यावरून ते बेतले म्हणतात. (आपल्याला ते नाव फारच गोजिरवाणे वाटते, पण ते असो.) त्यात तक्रार नोंदवणाऱ्याचा रकाना वेगळा, काम ज्याच्याकडे सोपवले त्याचा वेगळा, आणि नुसते लक्ष ठेवू इच्छिणाऱ्यांची यादी तिसरी. काम सोपवलेल्याच्या रकान्यात नाव एकच बसते. तशाच ‘आसना’ या सॉफ्टवेअरमध्येही एका कामाला एकच जबाबदार माणूस. ‘ट्रेलो’ या तिसऱ्यात एका कार्डावर, म्हणजे एका कामावर, कितीही जण चढवता येतात हे खरे, पण जाणकार तिथेही सांगतात की मुख्य नाव एकच ठरवा. म्हणजे मी नोंदवणारा आहे, समिती लक्ष ठेवणारी आहे, आणि काम ज्याच्याकडे हवे त्याचा रकाना वर्षभर चुकीच्या माणसांनी भरलेला आहे.

‘सगळ्यांचीच जबाबदारी’ असे आपण जिन्यात म्हणालात, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावले, आणि मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे फक्त आपणच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबण्याआधीच मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी उठले फक्त ३१ टक्के. तिथे माणूस तडफडत असल्यासारखे ऐकू येत होते आणि ऐकणारे अवघे पाच होते. आपल्याकडे लिफ्टचा दरवाजा आहे आणि अकरा जण आहेत. हिशेब आपणच करावा.

आता रिव्ह्यू, म्हणजे तपासणी. इथे माझी सभ्यता थोडी ताणली जाते, क्षमा असावी.

प्रत्येक कामाखाली सॉफ्टवेअर एक ‘इतिहास’ ठेवते. क्र. ५७ चा इतिहास मी छापून सोबत जोडला आहे. त्यात लागोपाठ तीन ओळी आहेत. सकाळी ११.४२ : रिव्ह्यू सुरू. ११.४३ : मंजूर, शेरा – ‘वर्णन सविस्तर, फोटो स्पष्ट’. ११.४३ : स्थिती ‘पूर्ण’ (आपोआप). रिव्ह्यू करणारे : ४०२.

एका मिनिटात माझी ओल पूर्ण झाली. तपासले काय, तर माझा अर्ज! दुरुस्ती झालीच नव्हती, मग ती तपासणार कुठून? पण ‘मंजूर झाले की पूर्ण’ असा नियम त्यांनीच बसवून ठेवलेला, त्यामुळे अर्जाला मंजुरी मिळताच यंत्राने काम संपले असे धरले. मी तक्रार पुन्हा उघडली. पुन्हा रिव्ह्यू, पुन्हा मंजूर. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा ‘हीच तक्रार आधी पूर्ण झाली आहे’ असा शेरा मारून बंद केली, सकाळची सूचना मात्र चालूच राहिली. त्या महिन्याच्या अहवालात समितीने ‘तीन तक्रारींचे निवारण’ असे छापले आहे. त्या तिन्ही माझ्या आहेत आणि तिन्ही म्हणजे एकच भिंत.

रिव्ह्यू केव्हा सुरू करायचा याची रीत साधी आहे. काम नवीन असते, मग सुरू होते, आणि ज्याने ते केले त्याने ‘झाले, बघा’ म्हटले की तपासणीला जाते. तपासणारा एकतर पसंत करतो, नाहीतर कारण लिहून परत पाठवतो. परत पाठवण्याची वाटच नसेल तर तो रिव्ह्यू नव्हे, नुसता शिक्का. शिवाय ओनरचा रकाना रिकामा असेल, किंवा काय तपासायचे ते लिहिलेले नसेल, तर काम पुढच्या टप्प्यात सरकूच द्यायचे नाही अशी अट या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. माझ्या बाबतीत ती अट चार शब्दांची झाली असती : ‘भिंत कोरडी झाली का’.

आणि तपासणारा कोण असावा? बँकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजूर करतो. आपली नोंद आपणच मंजूर करता येत नाही. मी नोकरीत असताना शंभराच्या व्हाउचरलाही हाच नियम होता. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे ज्या ‘गिटहब’वर काम ठेवतात, तिथेही स्वतः मांडलेल्या बदलाला स्वतःची मंजुरी देण्याची सोय नाही. आपल्याकडे मात्र ज्यांच्या न्हाणीघराखाली ओल आहे, त्यांनीच ओलीची तक्रार तपासायची. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखायचे कोणी? मी हे त्यांना समक्ष विचारले. ‘आमच्याकडून येत असते तर आम्हाला दिसले नसते का?’ असे ते म्हणाले. पाणी खाली जाते, वर नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. ते एका मोठ्या कंपनीत प्रकल्प सांभाळतात असे ऐकतो.

उपविधींकडेही, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या पुस्तकाकडेही, लक्ष वेधतो. लेखी तक्रार आल्यावर समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवावा, असे त्यात स्पष्ट आहे. ‘सॉफ्टवेअरमध्ये टाका’ हा निर्णय होत नाही. सदनिकेच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करावी, हेही त्यातच आहे. देखभाल शुल्क वेळेवर भरण्याविषयीही त्याच पुस्तकात बराच मजकूर आहे, पण तो या पत्राचा विषय नाही, आणि माझे दोन महिने का थांबले आहेत ते भिंत बघितल्यावर कळेल.

ही केवळ माझी कुरबुर नव्हे. आमच्या मजल्यावर सर्वांचे हेच मत आहे. ३०१ मधल्या आजींनी सही केली आहे. ३०३ यांनी सही करायचे टाळले, पण मान हलवली. ३०४ च्या भाडेकरूंना मताचा अधिकार नसला तरी मत आहे. २०२ बाहेरगावी असतात, पण ओल खाली उतरायला लागली की तेही बोलतील.

माझ्या मागण्या फार नाहीत. ‘ओनर’ हे नाव काढून तिथे ‘जबाबदार व्यक्ती’ असे मराठीत लिहावे, म्हणजे पुन्हा कोणी खरेदीखत काढून बसणार नाही. त्या रकान्यात एकच नाव असावे, ते जिवंत माणसाचे असावे, आणि ‘समिती’ हे माणसाचे नाव समजू नये. क्र. ५७ पुन्हा उघडून त्याची जबाबदार व्यक्ती म्हणून ४०२ यांचे नाव घालावे. दुरुस्तीनंतर तपासणी करायला इतर कोणीही चालेल. मीही मोकळा आहे, भिंत मला तोंडपाठ आहे. ४०२ यांना रिव्ह्यूच्या कामातून विश्रांती द्यावी. त्यांच्यावर कंपनीच्या कामाचा ताण असतो असे त्यांनीच सभेत सांगितले होते.

वैयक्तिक आकस कोणाशीही नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

आपला नम्र,
सभासद, सदनिका क्र. ३०२

सोबत : १) क्र. ५७ चा छापील इतिहास, २) भिंतीचे फोटो, रेघांसह, ३) ३०१ यांची सही.

ता. क. : ओनर बदलण्याचा अधिकार या सॉफ्टवेअरने प्रत्येक सभासदाला देऊन ठेवला आहे, हे पत्र लिहिताना लक्षात आले. ४०२ यांचे नाव घालून पाहिले, ते त्यांनी दहा मिनिटांत काढले. म्हणून तूर्त क्र. ५७ वर आपले नाव घातले आहे. सूचना सकाळी ९ ला येते.