कार लिफ्टच्या लायटिंग किटबाबत व नाकारलेल्या वॉरंटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्याच माहितीपत्रकाप्रमाणे छिद्रे पाडली म्हणून वॉरंटी रद्द केल्याबद्दल

महोदय,

मी कोल्हापूरला राहतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. उभी नोकरी बसखालच्या खड्ड्यात गेली, त्यामुळे गुडघे आता जमिनीवर आडवे होऊन काम करू देत नाहीत. घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्यासाठी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तुमची चार टनी, दोन खांबांची लिफ्ट बसवून घेतली. तुमच्या नकाशाप्रमाणे पाया खोदून काँक्रीट केले, अँकर बोल्टना हात लावण्याआधी २८ दिवस पाणी मारले. घरचे कनेक्शन सिंगल फेज म्हणून तशीच मोटर मागवली, तिला वेगळा एमसीबी दिला. लिफ्टबद्दल माझी काही तक्रार नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या माणसाने मला ‘उचापती ग्राहक’ ठरवून टाकले आहे.

अडचण उजेडाची होती. गाडी वर गेली की छतावरच्या ट्यूबलाइटचा काही उपयोग राहत नाही, गाडीचीच सावली अंगावर पडते. एका हातात हँडलॅम्प आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवून बघा म्हणजे कळेल. आमच्या डेपोत खड्ड्याच्या भिंतीत कोनाडे होते आणि त्यात जाळीतले दिवे. तसाच बाजूने येणारा उजेड हवा म्हणून तुमचेच ‘स्वतः बसवा’ लायटिंग किट घेतले. खोक्यात एलईडीच्या चार पट्ट्या, १२ व्होल्टचा ड्रायव्हर (घरची वीज पट्ट्यांना लागेल तेवढ्या व्होल्टवर आणणारा डबा), वायर, क्लिपा आणि आपोआप आटे पाडणारे बारा स्क्रू होते.

किटच्या माहितीपत्रकात चित्रासकट सांगितले आहे की खांबाच्या बाजूला छिद्रे पाडा, क्लिपा स्क्रूने आवळा, पट्टी दाबून बसवा. मला ते पटले नाही. ज्या खांबावर गाडी लटकणार त्याला भोक पाडायचे? म्हणून तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. “काका, बिनधास्त पाडा, किट आपल्याच लिफ्टसाठी आहे,” असे उत्तर मिळाले. मी स्वतः मेकॅनिक, मनातली शंका रेटायला हवी होती. तेवढी चूक माझी. पण कंपनीच सांगते म्हटल्यावर ड्रिल हातात घेतले.

आठ-दहा वेळा लिफ्ट वर-खाली झाल्यावर एका सकाळी उजव्या खांबाच्या तळाशी पांढरा भुसा दिसला, अगदी खवलेल्या खोबऱ्यासारखा. चिमटीत धरला तर नायलॉन! बॅटरी मारून खांबाच्या आत पाहिले. बारापैकी दोन स्क्रूंची टोके दोन-तीन मिलिमीटर आत डोकावत होती, आणि ती नेमकी कॅरेजच्या, म्हणजे खांबातून वर-खाली सरकत गाडी उचलणाऱ्या भागाच्या, नायलॉनच्या पॅडच्या वाटेत. प्रत्येक फेरीला पॅड सोलून निघत होते. त्याच दिवशी गाडी चढवताना दोन्ही बाजूंच्या लॉकची, म्हणजे गाडी खाली घसरू न देणाऱ्या खिट्ट्यांची, टकटक एकत्र येईना. डावे आधी, उजवे मागून. मी गाडी तिथेच थांबवली, सावकाश खाली घेतली आणि तेव्हापासून लिफ्टचा स्विच बंद आहे.

तुमचे सर्व्हिस इंजिनिअर आले. त्यांनी छिद्रांचे फोटो काढले आणि अहवालात लिहिले: “ग्राहकाने कॉलममध्ये अनधिकृत छिद्रे पाडली. वॉरंटी रद्द.” मी माहितीपत्रक पुढे केले तर म्हणाले, “ते ॲक्सेसरी डिपार्टमेंटचं आहे.” लिफ्टच्या पुस्तिकेत खरेच लिहिले आहे की खांबाला ड्रिलिंग किंवा वेल्डिंग केल्यास वॉरंटी संपते. म्हणजे एकाच बोधचिन्हाखाली एक कागद भोक पाडा म्हणतो आणि दुसरा भोक पाडलेत म्हणून हात झटकतो. तुमचे दोन विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर त्याची किंमत मी का मोजायची?

किटबद्दल आणखी एक. चारही पट्ट्या मिळून ७० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर. त्यासाठी वायर दिली अर्ध्या चौरस मिलिमीटरची. ड्रायव्हरपासून आठ मीटरवरच्या पलीकडच्या खांबाच्या पट्ट्या मिणमिणत होत्या. मल्टिमीटर लावला तर ड्रायव्हरपाशी १२.१ आणि तिकडे १०.४ व्होल्ट. किट २४ व्होल्टचे केले असते तर करंट निम्मा झाला असता. मी अडीचची वायर ओढून घेतली, उजेड लख्ख पडला. त्या वायरचे पैसे मागत नाही. पट्ट्याही आता चुंबकाच्या तुकड्यांवर खांबाच्या बाहेरच्या अंगाला चिकटवल्या आहेत आणि झकास बसल्या आहेत. स्क्रूऐवजी चुंबक देणे तुम्हाला काय जड होते?

माझे म्हणणे असे. दोन्ही खांबांचे पॅड विनामूल्य बदलून द्यावेत आणि लॉक व दोन्ही बाजू बरोबरीने उचलणारा वायर रोप तपासून समतोल लावून द्यावा. बारा छिद्रांनिशी हे खांब चार टनाला सुरक्षित आहेत की नाहीत, हे तुमच्या डिझाइन विभागाने सहीनिशी लिहून द्यावे. लिहून देता येत नसेल तर खांब बदलावेत. वॉरंटी पूर्ववत केल्याचे पत्र द्यावे. आणि हे किट ज्यांनी ज्यांनी घेतले असेल त्यांना आजच्या आज कळवावे. माझी गाडी टनाच्या आतली आहे; कुणाच्या लिफ्टवर दोन टनांची गाडी असेल आणि खाली माणूस उभा असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. पावत्या, दोन्ही माहितीपत्रके, अहवालाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. नायलॉनचा भुसा डबीत जपून ठेवला आहे, मागाल तेव्हा दाखवीन.

इंजिनिअर पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. पद्मिनीचा गिअरबॉक्स बाकावर काढून ठेवला आहे, तिला ढकलून शेडबाहेर काढायला दोन माणसे बोलवावी लागतात.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर
(नाव, पत्ता व सही मूळ प्रतीवर)