आमच्या टाकीची गुडगुड थांबवणाऱ्या प्लंबरकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मोठा मेसेज पाठवला की उत्तरात फक्त अंगठा येतो. म्हणून चार लोकांसमोरच लिहायचं ठरवलं. शिवाय ज्यांच्या घरी अशी टाकी आहे, त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

आमच्या हॉलमध्ये माशांची, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा आहे. वरचं पाणी खाचांमधून त्यात पडतं, तिथल्या उभ्या पाइपातून कपाटातल्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर येतं. सुरुवातीला सगळं शांत होतं. मग कप्प्यातलं पाणी हळूहळू चढायला लागलं. एका उंचीला पोचलं की भसकन खाली खेचलं जायचं, पाठोपाठ पाइप हवा ओढत घळघळ करायचा आणि जरा वेळाने पुन्हा तेच. सम्पमधली पातळीही वरखाली व्हायची, पंप हवा खायचा, टाकीत बारीक बुडबुडे पसरायचे. सासूबाईंची झोप गेली होती. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, आज ना उद्या यांचं पाणी आपल्या छतातून येणार. टाकी बसवून देणाऱ्याने फोनवरच निदान केलं की पंप कमी पडतोय, मोठा घ्या. निकामी सल्ला. मोठ्या पंपाने तर आणखी पाणी त्याच पाइपात कोंबलं असतं.

तुम्ही आला होतात किचनच्या सिंकसाठी. हॉलमधून जाताना थांबलात, एक पूर्ण फेरा होईपर्यंत नुसतं ऐकत राहिलात आणि विचारलंत, "ताई, ह्या पाइपाचा व्हेंट कुठाय?"

उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि टीवर एंड कॅप होती. कॅपला हवेसाठी बारीक भोक होतं, तोच व्हेंट, पण त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. तुम्ही खिशातल्या टेस्टरच्या टोकाने तो खरवडलात. सूं असा आवाज आला आणि पाण्याचं खेचणं थांबलं. मग तुम्ही भोकावर अंगठा ठेवलात, तर पाणी पुन्हा चढून भसकन गेलं. अंगठा काढला की शांत, ठेवला की सुरू. माझ्या मुलाला सायफन म्हणजे काय ते त्या अंगठ्याने कळलं. हवेची वाट बंद झाली की पाइप काठोकाठ भरतो आणि पंप देतो त्याहून जास्त पाणी ओढतो. पातळी उतरून तोंड उघडं पडलं की हवा आत शिरते, सायफन तुटतो आणि पाणी पुन्हा साठायला लागतं.

ड्रेनेजचे पाइप गच्चीवर उघडे का काढतात आणि त्यांची तोंडं बुजू नयेत म्हणून वर काउलची टोपी का लावतात, तेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. हवेची ही वाट नसेल तर वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्यांच्या नहाणी ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी ओढलं जाऊ शकतं आणि घरात वास सुटतो. इतकी वर्षं त्या गच्चीवर पापड वाळवतेय, पण त्या टोप्यांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

थोडी गुडगुड तरीही उरली होती. पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात पार तळापर्यंत गेलं होतं, त्यामुळे पाण्याबरोबर उतरलेल्या हवेला बाहेर पडायला जोर लावावा लागत होता. तुम्ही करवतीने ते कापून पाण्याखाली जेमतेम इंचभर ठेवलंत.

तेवढ्यावर सोडलं असतंत तरी चाललं असतं. पण भोक पुन्हा मिठाने बुजणार हे तुम्हाला पटेना, आणि मीही मत्स्यपालकांमध्ये चालणाऱ्या दोन पाइपांच्या हर्बी पद्धतीबद्दल वाचलं होतं. पंपाचं परतीचं पाणी कप्प्यातल्या दुसऱ्या भोकातून यायचं, ते आपण टाकीच्या काठावरून आत घेतलं. मोकळ्या झालेल्या भोकात दुसरा, जरा उंच पाइप उभा केला. पहिल्याची टी काढून तो कायम पाण्याखाली ठेवला आणि कपाटात त्याला गेट वॉल्व्ह बसवला. आता त्यातून नुसतं पाणी जातं, हवा नाही, म्हणून आवाजही नाही. उंच पाइप अडीअडचणीसाठी. गोगलगाय जाऊन खालचा तुंबला, तर पाणी जमिनीवर न येता त्यातून जाईल. त्यावर वॉल्व्ह लावायचा नाही, हे तुम्ही मला दोनदा बजावलंत.

तुम्ही आधी पितळी वॉल्व्ह आणला होता. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, प्रवाळ मरतात, असं मी म्हणाले. दुसरा कुणी असता तर "काही होत नाही हो" म्हणाला असता. तुम्ही काही न बोलता दुकानात परत गेलात आणि प्लास्टिकचा घेऊन आलात. बॉल वॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो आणि मिटतो, त्यात बारीक सेटिंग जमत नाही, म्हणून गेट वॉल्व्हच हवा हा हट्ट मात्र तुमचा. कप्प्यातले पाइप चिकटवायचं सोल्युशन न लावता नुसते दाबून बसवलेत, साफ करायला उपसता यावेत म्हणून.

मग तुम्ही लाइट घालवलीत. परतीच्या पाइपातून टाकीतलं पाणी उलटं उतरलं आणि सम्प काठापासून चार बोटं खाली थांबला. तिथे तुम्ही मार्करने रेघ मारलीत. एरवी लाइट गेल्यावर पाणी या रेघेच्या वर दिसलं तर फोन करा म्हणालात. पंप चालू केल्यावर सुरुवातीला उंच पाइपातून खळखळ झाली, खालच्यातली हवा निघून गेली आणि आवाज बंद. परवा रात्री वीज जाऊन आली तेव्हा अगदी असंच झालं. पाणी रेघेखालीच होतं. सासूबाई जाग्याही झाल्या नाहीत.

तुम्ही फक्त सिंकचे पैसे घेतलेत. टाकीच्या कामाचे मी पाकिटात घालून वॉचमनकडे ठेवले आहेत, ते परत पाठवू नका. आणि बी विंगमधल्या एका ताईंना अशीच टाकी करायची आहे. काचेला भोकं पाडायच्या आधी तुम्हाला दाखवा, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांचा फोन येईल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची टाकीवाली ताई