चादरीच्या मागालाही हवे एक विज्ञान केंद्र

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि उद्योग यांच्यातील सामंजस्य करारांच्या बातम्या आपल्या पत्रात वरचेवर येतात आणि मी त्या आस्थेने वाचतो. करार झाल्याची बातमी येते. पण त्या करारामुळे दोन-तीन वर्षांनी कोणत्या कारखान्यात कोणते काम वेगळ्या रीतीने होऊ लागले, याची बातमी क्वचितच वाचायला मिळते. तंत्रशिक्षणात आयुष्य गेलेला आणि सोलापुरातच वास्तव्य असलेला एक वाचक म्हणून मला ठामपणे वाटते की, याचा दोष संशोधकांच्या बुद्धीला देता येत नाही आणि कारखानदारांच्या अनास्थेलाही देता येत नाही. प्रयोगशाळेत तयार झालेली गोष्ट उचलून कारखान्यात नेणारा, ती तिथे बसवणारा आणि बिघडली तर पुन्हा प्रयोगशाळेकडे घेऊन येणारा माणूस आपण कुठेच नेमलेला नाही, हे खरे दुखणे आहे.

शेतीत असा माणूस आहे. मंगळवेढा परिसरातील मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने एम 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वीच तयार झाला आणि आजही रब्बी हंगामात आपल्या जिल्ह्यात तो विश्वासाने पेरला जातो. केगाव येथे 2005 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगावर काही शिफारस करते, तेव्हा ती सांगोल्याच्या किंवा पंढरपूरच्या बागेपर्यंत नेणारी वाटही आखलेली असते. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले आणि आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. व्याख्याने देणे हे या केंद्रांचे पहिले काम नाही. एखादी शिफारस या मातीत, या पाण्यावर आणि या शेतकऱ्याच्या ऐपतीत चालते का, हे त्याच्याच शेतात तपासून पाहणे, आवश्यक तर तिच्यात बदल करणे आणि मगच ती इतरांना दाखवणे, हा क्रम तिथे ठरलेला आहे. त्यासाठी पगारावर नेमलेले विषय विशेषज्ञ असतात आणि त्यांचे मूल्यमापनही याच कामावर होते. या यंत्रणेत उणिवा असतील, पण यंत्रणा आहे. चादर, टॉवेल आणि गणवेश तयार करणाऱ्या सोलापूरसाठी तशी यंत्रणा का असू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

हा प्रश्न सोलापुरात अधिक तीव्र का, याचे कारण आपल्या इतिहासात आहे. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून पुढे शतकभर या शहराचे तांत्रिक ज्ञान गिरण्यांच्या आत साठत गेले. प्रत्येक गिरणीत विव्हिंग मास्टर होता, डाईंग मास्टर होता, यंत्रदुरुस्तीचे खाते होते. बाहेरून आलेली नवी रीत पारखून घेण्याची आणि ती कामगारांच्या हाती बसवण्याची कुवत असलेला एक तांत्रिक वर्ग तिथे पगारावर होता. 1990 च्या दशकापर्यंत मोठ्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि वस्त्रोद्योगाचा भार छोट्या यंत्रमाग कारखान्यांवर आला. या कारखान्यांनी गावाला तगवले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु मोजक्या मागांच्या मालकाला स्वतःचा अभियंता ठेवणे परवडत नाही, ही वस्तुस्थिती आहे. विद्यापीठाशी बोलायचे तर आपली अडचण तांत्रिक भाषेत मांडून देणारे कोणीतरी लागते, आणि तोच माणूस गिरण्यांबरोबर गेला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान आहेच, पण मानांकन नावाचे रक्षण करते. ते मागाची गती वाढवत नाही आणि रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्नही सोडवत नाही.

तंत्रज्ञान किती तयार झाले आहे हे मोजण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने आखलेली 1 ते 9 अशी पायऱ्यांची पद्धत आता जगभर वापरली जाते. मूळ तत्त्व हाती येणे ही पहिली पायरी आणि प्रत्यक्ष वापरात तंत्रज्ञान सिद्ध होणे ही नववी. आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक प्रकल्प तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलावर चालण्यापर्यंत पोहोचतात, तर कारखानदाराला नववी पायरी हवी असते आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मधल्या पायऱ्या चढण्यासाठी ना विद्यार्थ्याला गुण मिळतात, ना प्राध्यापकाला पदोन्नती, ना कारखानदाराला कर्ज.

एक उदाहरण देतो. माझ्या परिचयातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बाणा तुटताच माग थांबवणारे, प्रकाशकिरणावर चालणारे एक स्वस्त उपकरण केले होते. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले आणि स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळाले. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र काही तासांतच सुताचा रुवा त्याच्या भिंगावर बसू लागला आणि बाणा शाबूत असतानाही माग थांबू लागला. ज्या कामगाराची मजुरी निघालेल्या मालावर ठरते, त्याने ते उपकरण बंद करून ठेवले तर त्याला बोल लावता येणार नाही. उपाय अवघड नव्हता. भिंगाची जागा बदलून त्याच्यावर हवेचा बारीक झोत सोडला असता तर बहुधा काम झाले असते. पण तोपर्यंत परीक्षा संपली, मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागली, मार्गदर्शकांकडे पुढच्या वर्षाची तुकडी आली आणि मालकाला ऑर्डर पूर्ण करायची होती. पंधरा-वीस दिवस त्या मागाजवळ बसू शकणारा एक तंत्रज्ञ मिळाला असता, तर तेच उपकरण आज किती मागांवर असते!

यापेक्षा मोठा विषय रंगणीचा आहे. सुती कापडासाठी रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध करून पक्के बसणारे रंग, सर्रास वापरतात. पाण्यात सुतावरही ऋण विद्युतभार येतो आणि रंगाच्या रेणूवरही तोच असतो, त्यामुळे रंग सुताकडे जावा म्हणून द्रावणात भरपूर मीठ घालावे लागते; गडद छटेला लिटरमागे 60 ते 80 ग्रॅमपर्यंतही. हे मीठ कापडात राहत नाही, ते सगळे सांडपाण्यात उतरते. जिवाणूंच्या साहाय्याने चालणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरणात सेंद्रिय घाण कमी होते, पण विरघळलेले मीठ जसेच्या तसे राहते. ते काढायचे तर रिव्हर्स ऑस्मोसिस (दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळण्याची पद्धत) आणि बाष्पीभवन यंत्रे लागतात, आणि त्यांचा भांडवली व विजेचा खर्च छोट्या प्रोसेस युनिटच्या आवाक्याबाहेरचा आहे. सुतावर आधीच धन भाराची रासायनिक प्रक्रिया केली तर मिठाची गरज फार कमी होते, हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. मात्र छटा सारखी बसेल का, प्रकाशात रंग टिकेल का, टेरी टॉवेलच्या वळ्यांमध्ये रसायन आतपर्यंत पोहोचेल का, आपल्याकडच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात काय होईल आणि या जादा प्रक्रियेचा खर्च मिठाच्या व पाण्याच्या बचतीतून भरून निघेल का, या प्रश्नांची उत्तरे परदेशी शोधनिबंधांत सापडणार नाहीत. ती सोलापुरातच, चालू असलेल्या रंगणी खात्यात, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने आणि कारखानदारांनी एकत्र बसून शोधावी लागतील. आपल्याला लागणारे बरेचसे तंत्रज्ञान असे आहे, नव्या पेटंटची वाट न पाहता उपलब्ध ज्ञान इथल्या परिस्थितीला जुळवून घेण्याचे, आणि म्हणूनच हस्तांतर म्हणजे केवळ पेटंट विकणे ही समजूत मला फार अपुरी वाटते.

तरीही जिथे खरोखर नवे काही निघते, तिथे मालकीचा प्रश्न आधीच लेखी सोडवलेला हवा. भारतीय कायद्यानुसार पेटंटचे संरक्षण अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे मिळते. परंतु अर्ज करण्यापूर्वीच शोधनिबंध छापला तर नावीन्य गेले असे धरून पेटंट नाकारले जाऊ शकते. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज करून पुढील 12 महिन्यांत संपूर्ण अर्ज देण्याची सोय आहे आणि 2021 पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत आहे. म्हणजे अडचण पैशांपेक्षा माहितीची आणि वेळेवर सल्ला देणाऱ्या माणसाची अधिक आहे. किती सामंजस्य करारांत शोधाची मालकी कोणाची, विद्यार्थ्याचा वाटा किती, निबंध किती महिने रोखून ठेवता येईल, हे स्पष्ट लिहिलेले असते? उद्योगाने सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ प्रकाशन रोखू नये आणि प्रतिकूल निष्कर्ष दडपण्याचा अधिकार त्याला कधीही मिळू नये, असे माझे मत आहे. कारण विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते.

त्याच कारणाने एकाच कारखान्याला एकाधिकार देण्याबाबत सोलापूरने विशेष सावध राहावे. औषधनिर्मितीसारख्या क्षेत्रात चाचण्यांवर प्रचंड खर्च करणाऱ्या कंपनीला एकाधिकार लागतो, हे मी समजू शकतो. पण एकाच औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी चालणाऱ्या कारखान्यांपैकी एकाच्या हाती सार्वजनिक संशोधन गेले, तर बाकीच्यांचा विद्यापीठावरचा विश्वास उडेल. उलट, सर्वांना मोकळे दिले तर पहिल्या प्रयोगाचा खर्च कोणी करायचा, हा पेच उरतो. यावर जुना आणि यशस्वी तोडगा आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन 1947 मध्ये अटिरा ही वस्त्रसंशोधन संस्था उभी केली आणि तिची धुरा विक्रम साराभाई यांनी वाहिली. पुढे कोइम्बतूरला सिट्रा ही तशीच संस्था उभी राहिली. स्पर्धक असलेल्या मालकांनी समाईक प्रश्नांसाठी समाईक संशोधनाला वर्गणी दिली. सोलापुरातही उत्पादक संघटनेने सामूहिक परवाना घ्यावा, सदस्यांना तो माफक शुल्कात द्यावा, आणि जो कारखाना पहिल्या चाचणीसाठी आपला माग मोकळा करून देईल त्याला वर्षभराची आघाडी द्यावी, अशी व्यवस्था करता येईल. इचलकरंजीने 1982 मध्ये यंत्रमागांच्या गावातच वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारे अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले, त्याचा त्या गावाला झालेला लाभ आपण पाहतोच.

दिल्लीहून कायदा येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. अमेरिकेने 1980 च्या बेह-डोल कायद्याने सरकारी निधीतून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांकडे ठेवण्याची मुभा दिली. त्याच धर्तीचे विधेयक आपल्याकडे 2008 मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि त्यावर बरीच टीका होऊन 2014 मध्ये ते मागे घेण्यात आले. पण विद्यापीठाला स्वतःचे धोरण करण्यास कोणतीही आडकाठी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 मध्ये नवोपक्रम व नवसंशोधनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, आणि केंद्र सरकारच्या 2019 च्या धोरणाने प्राध्यापकांना स्वतःचा उद्योग सुरू करण्याची वाटही मोकळी केली आहे. पैशांचेही मार्ग आहेत. सार्वजनिक विद्यापीठांतील विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनाला दिलेला निधी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टानुसार कंपन्यांना सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरता येतो. जिल्ह्यात मोठे प्रकल्प आहेत, त्यांच्याकडे ही मागणी कधीतरी संघटितपणे जायला हवी.

म्हणून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, यंत्रमाग व गारमेंट उत्पादकांच्या संघटना आणि जिल्हा उद्योग केंद्र यांना माझी जाहीर विनंती आहे की, त्यांनी मिळून अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतच एक छोटे केंद्र सुरू करावे. इमारत भाड्याची चालेल. तिथे विणकाम, रंगणी आणि यंत्रविद्युत या विषयांचे तीन-चार पूर्णवेळ तंत्रज्ञ असावेत, त्यांना पाच वर्षांची हमी असावी, आणि त्यांनी कार्यालयात न बसता कारखान्यांत फिरून अडचणी लिहून काढाव्यात. त्यांनी किमान मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत मालक-कामगारांशी बोलावे, कारण मागावर हात असलेल्या माणसाला यंत्राविषयी जे ठाऊक असते ते त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प याच अडचणींतून निवडावेत आणि मुले बाहेर पडल्यावर अर्धवट राहिलेले काम केंद्राने पूर्ण करावे. प्राध्यापकांच्या मूल्यमापनातही, कारखान्यात वर्षभर टिकलेल्या एका सुधारणेला शोधनिबंधाइतके गुण मिळावेत.

याची सुरुवात म्हणून विद्यापीठाने यंदाच्या वार्षिक अहवालात केलेल्या करारांच्या यादीशेजारी आणखी तीन रकाने छापावेत: त्या करारातून कोणती चाचणी प्रत्यक्ष कारखान्यात झाली, ती बारा महिन्यांनंतर वापरात आहे काय, आणि नसल्यास कोणत्या कारणाने थांबली. पहिल्या वर्षी त्यांतील बरेच रकाने कोरे राहिले तरी ते छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रशिक्षक, सोलापूर