मधल्या सुट्टीला कात्री लावू नका

संपादक महोदय,
स. न.

शाळांच्या वेळापत्रकावर इतकं बोललं जातं पण मधल्या सुट्टीबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितेय.

२०१९ मध्ये मी दोन महिने नेपाळला, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत व्हॉलंटियर होते. गेले होते इंग्लिश शिकवायला, पण मनात राहिली ती तिथली मधली सुट्टी. घंटा झाली की पोरं भाजलेला मका नाहीतर चिउरा म्हणजे आपले कोरडे पोहे तोंडात कोंबायची आणि सुसाट मैदानात. मैदान म्हणजे डोंगर कापून काढलेला सपाट तुकडा, कडेला कठडा नाही. मी काठमांडूहून फुटबॉल नेला होता, तो दुसऱ्याच दिवशी कडेवरून गेला आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतातून उड्या मारत पार खाली, दोन मोठी मुलं आणायला गेली ती परत येईपर्यंत सुट्टी संपली. तेव्हा कळलं इथे चुंगी का खेळतात. रबरबँडचा गुच्छ बांधायचा आणि पायाने उडवत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर जागेवर पडतो, घरंगळत नाही. चौथीतल्या एका मुलीने मला शिकवलं. आधी चप्पल काढा म्हणाली, मग खाली बसून माझा घोटा धरून पाय कसा वळवायचा ते दाखवलं. एक, दुई, तीन... मी तीनवर आउट, ती पन्नासच्या पुढे. दण्डीबियो तर आपला विटीदांडूच, मी त्यांना वकट, लेंड, मूंड शिकवलं. रोज घंटा झाली की ‘भोलि पनि है मिस’, उद्या पण हं.

मधेच काही पाहुणे यायचे, फोटो काढायचे, चॉकलेटं वाटायची, पोरं रांगेत उभी राहायची आणि खेळ बंद. अर्ध्या तासाची ती सुट्टी, त्यातली दहा मिनिटं अशी जायची, मला फार वाईट वाटायचं. बाहेर व्हॉलंटियरिंगला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, फोन खिशात ठेवा आणि त्यांच्या खेळात त्यांच्या नियमाने भिडू व्हा.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली. त्या दिवशी शनिवार होता, तिकडे शनिवारी शाळेला सुट्टी असते म्हणून पोरं वाचली, शाळेची इमारत कोसळली होती. नवी बांधताना गावाने मैदानाची जागा मोकळीच ठेवली, हलायला लागलं तर पोरांनी पळायचं कुठे?

आणि आपल्याकडे? माझ्या भाचीच्या शाळेत मधली सुट्टी २० मिनिटांची, त्यात डबा, हात धुवायची रांग, आणि मैदानात स्कूल बस लावलेल्या. पीटीचा तास गणिताला दिलेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, मग ते पार्किंगला कसं काय चालतं? पालकसभेत विचारलं तर मुलं पडतात, पालक तक्रार करतात असं उत्तर मिळालं. पालकांनो, गुडघे फुटू द्या हो. आणि शिक्षकांनाही विनंती, आठवड्यातून एक दिवस तरी स्टाफरूममधून बाहेर या, मुलं स्वतःहून तुम्हाला टीममध्ये घेतील.

भाचीला मी चुंगी बांधून दिलीय. दोन बसच्या मधल्या बोळात खेळतात त्या चौघी, परवा तेवीसपर्यंत गेल्या.

आपली,
एक वाचक, नाशिक