वीज आली, सर्व्हर उठला, वाट मात्र बंद

संपादक महोदय,

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर कसा करावा, हे हल्ली मराठी पुरवण्यांतूनही वाचायला मिळतं, याचा मला खरंच आनंद होतो. पण वीज जाऊन परत आल्यावर काय होतं, ही एक गोष्ट त्यात हमखास राहून जाते, म्हणून हे पत्र.

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, असा एक लिनक्स सर्व्हर आहे. आईच्या ओव्यांच्या एक्केचाळीस कॅसेटी मी त्यावर उतरवून ठेवल्यात आणि सांगलीची धाकटी बहीण त्या रोज सकाळी ऐकते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी वीज आली, सर्व्हर आपोआप सुरू झाला, हिरवा दिवाही लागला. तेवढ्यात बहिणीचा फोन : "ताई, आई लागत नाहीये गं."

झालं होतं ते असं. सर्व्हर अर्ध्या मिनिटात उठतो, फायबर इंटरनेटच्या डब्याला मात्र आमच्याकडे तीनेक मिनिटं लागतात. बाहेरून सर्व्हरपर्यंत यायची वाट उघडून देणारी स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची छोटी फाइल, मधल्या वेळातच चालली. बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता तिला मिळाला नाही, ती संपली, आणि पुन्हा तिला कुणी हाक मारली नाही.

लिनक्समध्ये कुठलं काम कधी सुरू करायचं हे सिस्टमडी नावाचा प्रोग्राम बघतो; त्याच्यासाठीच्या फाइलीत मी 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, नेटवर्क आल्यावरच चालणार. तसं नाही. नेटवर्क सांभाळणारा भाग कामाला लागला, एवढंच ते सांगतं; त्याचा खरा उपयोग मशीन बंद होताना. हवं असतं 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट', आणि तेही 'आफ्टर' व 'वॉन्ट्स' अशा दोन्ही ओळींत. 'आफ्टर' नुसता क्रम लावतो, बोलावून आणत नाही.

एवढं करूनही भागलं नाही. फायबर बंद असला तरी राउटर घरातला पत्ता वाटतोच, आणि तो मिळाला की सर्व्हर स्वतःला ऑनलाइन समजतो. म्हणून पुन्हापुन्हा प्रयत्न हवा : 'रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर', 'रिस्टार्टसेक=३०', म्हणजे फसलं तर तीस सेकंदांनी पुन्हा चालव. एकदा चालून संपणाऱ्या 'वनशॉट' सेवेला ही सोय सिस्टमडीच्या २४४ व्या आवृत्तीपासून आहे.

माझी दोन दिवसांची झोप गेली ती पुढच्या गोष्टीत. स्क्रिप्टची शेवटची ओळ लॉगमध्ये 'काम झालं' असं लिहायची. ती ओळ नेहमीच यशस्वी, त्यामुळे आतलं सगळं फसलं तरी सिस्टमडीला यशच कळायचं आणि दुसरा प्रयत्न व्हायचाच नाही. वरती 'सेट -ई' (एखादा आदेश फसला की तिथेच थांब) घातलं, तेव्हा पहिल्यांदा खरं अपयश दिसलं. मग दुसऱ्या खेपेला नेटवर्कची वाट घालणारा 'आयपी रूट अ‍ॅड' हा आदेश अडला, कारण ती वाट आधीच घातलेली होती. तिथे 'रिप्लेस' लिहिलं, आता स्क्रिप्ट कितीदाही चालो.

आपल्या तज्ज्ञ लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे : चाचणी म्हणून नुसतं 'रीबूट' सांगू नका. त्यात राउटर आणि फायबरचा डबा चालूच राहतात, मग सगळं ठीकच दिसतं. सर्व्हर रीतसर बंद करायला सांगा, मग घरचा मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी पुन्हा चढवायला सांगा. आम्ही आता दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी हेच करतो. बहीण तिकडे सांगलीत फोन हातात घेऊन बसते आणि पहिली ओवी लागली की मला कळवते.

आपली,
एक बडोदेकर वाचक
दांडिया बाजार, बडोदा